आमची बैठक देवळाच्या सभागृहात घ्यावी का? नैराश्यातून सावरणाऱ्यांचे मत हवे आहे

पहिली_पाळी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

सर्व सभासदांस नमस्कार. प्रश्न विचारण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल, आणि ती सांगताना मी आडपडदा ठेवणार नाही, कारण आडपडद्यामुळेच माझे पहिले सहा महिने वाया गेले.

मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मला पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. जेवण समोर आले की पोटात गोळा यायचा. कारखान्याची बस पावणेसहाला चौकात येते. एके दिवशी ती समोर येऊन थांबली, चालकाने दोनदा हाक मारली, आणि माझा पाय उचलला गेला नाही. पाय दुखत नव्हता. तो उचलावा असे वाटणेच संपले होते. पत्नीने मला घरी नेले आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही, आणि पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे औषध सुरू झाले. सहा आठवड्यांनी झोप परत आली, भूकही आली. माणसांत बसावेसे वाटणे मात्र परतले नाही. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की झोप आधी येते, उमेद मागून येते, आणि तिला बोलावून आणावे लागते.

ती आली दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर. शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "कितवा महिना?" मी म्हणालो, "चौथा." ते म्हणाले, "मला अकरावा. चौथा वाईट असतो. बरे वाटू लागलेले असते, म्हणून घरचे लोक घाई करू लागतात." माझ्या घरात नेमके हेच चालले होते आणि ते मी कोणालाही सांगितलेले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही दोघे पिपलियापालाच्या बागेत फिरू लागलो, आणि आज आम्ही नऊ जण आहोत. गुरुवारी सायंकाळी बसतो. कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या गोळीविषयी मत द्यायचे नाही, एवढे दोनच नियम आहेत.

त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडली. आमच्या वसाहतीतील दत्तमंदिरात भजनी मंडळ आहे. तेथील एका वयस्क काकूंनी मला एका गुरुवारी हाताला धरून आत बसवले आणि टाळ दिले. मला वाजवता येत नाहीत असे मी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "नुसते धरून बस." मी तीन आठवडे नुसते धरून बसलो. कोणी काही विचारले नाही. चौथ्या आठवड्यात हात आपोआप हलू लागले.

आता पावसाळा आला आहे आणि बाग उपयोगाची नाही. मंदिराच्या विश्वस्तांनी आमच्या बैठकीसाठी सभागृह गुरुवारी सहा ते सात या वेळेत विनामूल्य देऊ केले आहे. सात वाजता तेथेच भजन सुरू होते. आमच्यापैकी पाच जणांना ते हवे आहे, दोघांना नको आहे, एक जण काहीच बोलत नाही आणि माझा निर्णय होत नाही. मला स्वतःला मित्रांनी सावरले की उपासनेने, हे मी वेगळे काढून सांगू शकत नाही. पण म्हणून दोन्ही एका छताखाली आणावीत का?

रामबागकर | सोमवार, रात्री ९.५२

माझे मत स्पष्ट आहे, सभागृह घ्यावे. पावसात सायंकाळी बायकांनी बागेत कुठे बसायचे? सभागृहात दिवे आहेत, पंखे आहेत, स्वच्छतागृह आहे, आणि "देवळात जाऊन येते" असे सांगून घराबाहेर पडता येते. नैराश्य आलेल्या बाईला घराबाहेर पडण्यासाठी एक मान्य कारण लागते, हे पुरुषांच्या चटकन लक्षात येत नाही. मी माझ्या आजारपणात आठ महिने काकड आरतीला, मग हळदीकुंकवाला, मग संक्रांतीच्या वाणाला, अशी कारणे शोधून बाहेर पडत होते.

उंबरठा | सोमवार, रात्री ११.२०

मी विरोधात मत देणार आहे आणि ते कोणाच्याही श्रद्धेविरुद्ध नाही, हे आधी सांगते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला नैराश्य आले. घरात सगळे प्रेमाने वागणारे होते आणि सगळ्यांनी प्रेमानेच सांगितले की सात दिवसांचे पारायण कर, गोळ्या कशाला हव्यात. मी बसले. ज्या बाईला उठून दात घासायला पाऊण तास लागत होता, तिने सोवळ्यात, ठरलेल्या वेळी, ठरलेले अध्याय पूर्ण करायचे होते. चौथ्या दिवशी माझ्याच्याने उठवले नाही आणि पारायण खंडित झाले. आधी मी फक्त दुःखी होते, त्या दिवसापासून पापीही झाले. सायंकाळी घरात करुणाष्टके म्हटली जात. त्यांतील पश्चात्तापाची भाषा निरोगी माणसाला मोकळे करते, पण ज्याचे मन आधीच दिवसभर स्वतःला शिक्षा ठोठावत असते त्याला ती आपल्याविरुद्धच्या निकालासारखी ऐकू येते. मी ती ऐकताना कानांवर उशी घेत असे.

गोळ्या पाच महिने उशिरा सुरू झाल्या. आज मी बरी आहे. देवावर माझा राग नाही, पण देवळाच्या पायरीवर आजही छाती धडधडते. तुमच्या नऊ जणांत माझ्यासारखी कोणी असेल तर ती काही बोलणार नाही, नुसती यायची बंद होईल. जो एक जण काहीच बोलत नाही, त्याला एकट्याला गाठून विचारा.

नर्मदे_हर | सोमवार, रात्री ११.३८

उंबरठाताई, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल आभार. माझ्या आईने माझ्या वहिनीला हेच सांगितले होते. उद्या तिला फोन करणार आहे.

मूळ_इंदूरकर | मंगळवार, सकाळी ७.०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. शिक्षण इंदुरात झाले, आता महाराष्ट्रात काम करतो. येथे कोणाचे निदान करणार नाही, पण चर्चेला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशही होता, असे दिसले की दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्य येते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत. म्हणून साध्या माणसांनी साध्या माणसांना दिलेली साथ ही केवळ भावनिक गोष्ट राहिलेली नाही, तिचा काटेकोर अभ्यास झालेला आहे. झिम्बाब्वेतील हरारे शहरात २००६ साली मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिले, आणि त्या आज्या दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर बसून लोकांचे ऐकू लागल्या. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. आपल्याकडे गोव्यात 'संगाथ' संस्थेने पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकांना शिकवून असेच काम केले. त्यात भर यावर होता की इच्छा होण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती ठरवायची, ती करायची, इच्छा मागून येते. धागाकर्त्यांच्या काकूंनी "नुसते धरून बस" म्हटले, ते याहून फार वेगळे नाही.

मात्र त्या आज्या किंवा ते समुपदेशक स्वतः रुग्ण असतातच असे नाही. "कितवा महिना?" असे विचारणारे मास्तर ही वेगळी गोष्ट आहे. स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस जे देतो ते मी माझ्या खुर्चीतून देऊ शकत नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. मी सांगितले की औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तर रुग्ण मान हलवतो. तेच बाहेर बाकावर कोणी सांगितले, तर विश्वास ठेवतो.

दोन सावधगिरीच्या सूचना. बरे वाटल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने, काहींना त्याहून अधिक काळ, चालू ठेवावे लागते आणि ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचे नसते. एखाद्या बैठकीत, भजनात वा शिबिरात "आता गोळ्या सोडा" असे कोणी म्हणाले, तर ती बैठक आपल्या उपयोगाची नाही असे समजावे. दुसरे, ध्यानाविषयी. सजगतेच्या ध्यानावर आधारलेली जी उपचारपद्धती संशोधनातून सिद्ध झाली आहे, ती मुळात सावरलेल्या लोकांना पुन्हा नैराश्य येऊ नये म्हणून रचलेली आहे. आजार ऐन भरात असताना एकट्याने डोळे मिटून बसल्यास काहींचे विचार अधिकच गरगरू लागतात. त्या काळात डोळे उघडे, हातांना काम आणि शेजारी माणूस असलेली उपासना अधिक सोसते, असा माझा अनुभव आहे.

चिकित्सक | मंगळवार, सकाळी ८.३०

मी देव मानत नाही. २०१९ मध्ये मला तीव्र नैराश्य आले होते आणि औषध, समुपदेशन व एका मित्राच्या साथीने मी बाहेर आलो. तो मित्र रोज सकाळी सात वाजता फोन करून एवढेच विचारी, "उठलास?" मी "हो" म्हटले की फोन ठेवी. त्याने सलग चौदा महिने हे केले.

माझी अडचण 'अध्यात्म' या शब्दाशी आहे. धागाकर्त्यांनी वर्णन केलेल्या प्रसंगात ठरलेला वार आहे, ठरलेली वेळ आहे, एकत्र स्वरात गाणे आहे, हातांना ताल आहे आणि न विचारता सामावून घेणारी माणसे आहेत. यांतील एकही गोष्ट अलौकिक नाही. हेच सर्व एखाद्या गायनवर्गात मिळाले असते. मग श्रेय दत्तगुरूंना का द्यावे? मंदिराचे सभागृह घेतले की हळूहळू "महाराजांच्या कृपेने बरे झालो" अशी भाषा सुरू होते, आणि जो बरा होत नाही त्याची श्रद्धा कमी पडली असा अर्थ आपोआप निघतो. उंबरठाताईंच्या बाबतीत हेच झाले.

वीणेकरी | मंगळवार, दुपारी १.१५

चिकित्सक यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्याला भक्तीच्या बाजूने उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी चाळीस वर्षे कीर्तन-भजनात आहे, आणि पत्नीच्या निधनानंतर दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्याही घेतल्या आहेत. दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडाने सांगतो.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' आहे. विषादाला तेथे योग म्हटले आहे, पाप म्हटलेले नाही. त्या अध्यायात अर्जुन सांगतो की अंग गळून गेले, तोंडाला कोरड पडली, हातातून धनुष्य निसटते आहे, उभेही राहवत नाही. आजचा कोणताही रुग्ण डॉक्टरांसमोर हेच सांगेल. आणि त्या काळात श्रीकृष्ण काय करतात? रथ दोन सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करतात, समोरच्या कौरवांना पाहा एवढेच म्हणतात, आणि पुढे अध्याय संपेपर्यंत गप्प राहतात. अर्जुनाचे सगळे बोलून होऊ देतात. आपण मात्र समोरचा "मला बरे वाटत नाही" म्हणाला की तिसऱ्या वाक्याला अठरावा अध्याय सांगू लागतो. उंबरठाताईंच्या घरी हाच दोष घडला, आणि तो श्रद्धेचा नव्हे, उतावळेपणाचा दोष होता.

आता श्रेयाविषयी. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एक जण उभा राहून पहारा देतो, त्याची वेळ संपली की दुसरा येतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. रात्री अडीचच्या पहाऱ्याला ऐकणारे कोणी नसते. पत्नी गेल्यानंतरच्या सप्ताहात मी रात्री दोन ते चार हा पहारा मागून घेतला, कारण झोप तशीही येत नव्हती. त्या दोन तासांत मला देव दिसला नाही, शांतीही लाभली नाही. पण चार वाजता कोणी तरी येणार आहे आणि माझ्या गळ्यातून वीणा घेणार आहे, ही खात्री मला गेल्या अनेक महिन्यांत पहिल्यांदाच मिळाली. गायनवर्गात हे मिळेल का, मला माहीत नाही. मिळत असेल तर तेथे जावे. माझ्यापुरते मी त्यालाच अध्यात्म म्हणतो.

चिकित्सक | मंगळवार, दुपारी १.५०

वीणेकरीकाका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मला वाद घालावासा वाटत नाही. माझ्या मित्राचा सात वाजताचा फोन हा पहाराच होता.

लष्करकर | मंगळवार, दुपारी ४.३०

ग्वाल्हेरहून लिहिते. आतापर्यंत कोणी न मांडलेला एक मुद्दा आहे. ग्वाल्हेर काय किंवा इंदूर काय, आपला मराठी समाज संख्येने असा आहे की देवळात आलेल्या प्रत्येकाला प्रत्येक जण आडनाव, मूळ गाव आणि मामाकडचे घराणे यांसकट ओळखतो. "सहा ते सात या वेळेत सभागृहात कोण जातात" हे दोन आठवड्यांत सगळ्यांना कळेल. माझ्या मुलीचे लग्न ठरत असताना समोरच्यांनी आडून चौकशी केली होती की आईची काही औषधे चालू आहेत का. आम्ही खरे सांगितले. ते स्थळ गेले. पुढे दुसरे चांगले मिळाले, परंतु ते दोन महिने मुलगी माझ्याशी नीट बोलत नव्हती आणि मला त्याचा अर्थ कळत होता.

बागेत नऊ माणसे बसली तर ती फिरायला आलेली नऊ माणसे असतात. सभागृहात तसे राहत नाही. लपवावे असे मी म्हणत नाही. पण सांगायचे की नाही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, खोलीच्या दाराने घेऊ नये.

बडोद्याहून | मंगळवार, सायंकाळी ६.१०

थोडे विषयांतर करतो, पण ते मूळ विषयाला धरूनच आहे. आमच्या गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम चालतो. त्याची सुरुवात महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातील गावांतून झाली होती. गावातीलच माणसे निवडून, त्यांना शिकवून, ती आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ताण ऐकतात आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत नेतात. मला त्यात नाव फार आवडते. 'नैराश्य' हा शब्द पुस्तकात ठीक आहे, पण वाडीतल्या माझ्या मावशीने तो कधीच वापरला नसता. ती म्हणे, "जिवाला बरे वाटत नाही", "घर खायला उठते", "कशात मन लागत नाही". तिच्या डोकेदुखीवर आणि पोटदुखीवर सहा वर्षे औषधे झाली. "घर खायला उठते" हे ज्या कोणी नीट ऐकले असते, त्याला सहा वर्षे लागली नसती.

नवी_वाचक | मंगळवार, रात्री १०.४५

मी आजवर फक्त वाचत होते, पहिल्यांदाच लिहिते. हा धागा तीन वेळा वाचला. मला पाच आठवडे झाले. मुले शाळेत गेली की मी पुन्हा अंथरुणात जाते. घरच्यांना वाटते की मी आळशी झाले. काल मनात आले की मी नसते तर यांचे सगळे सुरळीत चालेल. हे आजारात मोडते का, एवढेच सांगावे.

मूळ_इंदूरकर | मंगळवार, रात्री १०.५३

होय, हे आजारातच मोडते, आणि हा आजार उपचारांनी बरा होतो. तुम्हाला सरळ विचारतो, कारण असे विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते: स्वतःच्या जिवाला काही करावे असे मनात येते का? उत्तर येथे लिहिण्याची गरज नाही. येत असेल तर घरात जे कोणी जागे आहे त्यांना आत्ता उठवा आणि हा धागा दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. सरकारी, विनामूल्य, चोवीस तास चालणारा. ऑक्टोबर २०२२ पासून तो देशभर आहे आणि हिंदी-मराठी दोन्ही भाषांत बोलता येते. अगदीच राहवत नसेल तर ११२ लावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मी आणखी तासभर येथे आहे.

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.५८

बाई, मीही हेच वाक्य स्वतःशी म्हणत असे आणि ते मला एखाद्या हिशेबासारखे बिनचूक वाटत असे. बरी झाल्यावर एके दिवशी थोरलीने सांगितले की त्या महिन्यांत शाळेतून आली की ती सगळ्यात आधी दाराशी माझ्या चपला आहेत का ते पाहत असे. माझ्या हिशेबात त्या चपला कधी आल्याच नव्हत्या. फोन करा. मीही जागी आहे.

रामबागकर | मंगळवार, रात्री ११.०२

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. गाव येथे लिहू नका. इंदुरात असाल तर दवाखान्यात मी तुमच्याबरोबर येईन. मला ओळी, खिडक्या, कागद सगळे माहीत आहे.

नवी_वाचक | मंगळवार, रात्री ११.४०

फोन केला. पलीकडच्या ताई हिंदीत बोलल्या, मी मधूनच मराठीत बोलले तरी त्यांना समजले. त्यांनी घाई केली नाही. यांना उठवून सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण चहा करून आणला. उद्या जायचे आहे.

एक_दिवस | बुधवार, सकाळी ६.२०

रात्रीचे सगळे वाचून आधी नवी_वाचक यांना नमस्कार, आणि मग धागाकर्त्यांच्या प्रश्नाला उत्तर. हा प्रश्न आमच्या मंडळींना फार पूर्वी पडलेला आहे.

मी दारूतून बाहेर आलेला माणूस आहे, नऊ वर्षे झाली. दारू सुटल्यावर मला नैराश्य आले, त्याचे उपचार वेगळे घेतले. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या आमच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळाची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. त्यांतील एक शेअर बाजारातला होता आणि दुसरा शल्यचिकित्सक. व्यसनातून सावरण्याच्या आमच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला जसा समजला तसा ईश्वर' अशा शब्दांत, आणि ही पुस्ती मुद्दाम घातलेली आहे, कारण पहिल्या मंडळींतच नास्तिक होते. जगभर आमच्या अनेक बैठका चर्चच्या खोल्यांत भरतात. मी ज्या बैठकीला जातो तीही अशाच एका खोलीत भरते. परंतु ती चर्चची बैठक नसते. आम्ही त्या खोलीचे भाडे देतो.

हे भाडे फार महत्त्वाचे आहे. १९४६ मध्ये लिहिल्या गेलेल्या आणि १९५० मध्ये स्वीकारलेल्या आमच्या बारा परंपरांत असे आहे की गटाने स्वतःच्या वर्गणीवर चालावे, बाहेरची देणगी घेऊ नये आणि कोणत्याही संस्थेशी आपले नाव जोडू नये. अनुभवातून हे नियम आले. जागा फुकट घेतली की उद्या मालक येऊन दोन शब्द बोलतो, परवा त्याचा फलक लागतो, तेरवा तुमच्यातला कोणी नाराज होतो आणि उपकाराखाली असल्याने तुम्हाला बोलता येत नाही. विश्वस्त भले आहेत यात मला शंका नाही. त्यांचा भलेपणा टिकावा म्हणूनच भाडे द्यावे. आमच्याकडे टोपी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, ज्याला जमत नाही तो टाकत नाही, आणि कोणी कोणाच्या हाताकडे पाहत नाही.

वीणेकरी | बुधवार, सकाळी ९.४०

हे मला सर्वार्थाने पटले. दक्षिणा दिल्याशिवाय घेऊ नये हे आपल्याकडेही सांगितलेलेच आहे. दुसरी सूचना: बैठक आणि भजन यांचे वार वेगळे ठेवा. लागोपाठ ठेवलीत, तर सात वाजता उठून जाणाऱ्याला सगळ्यांसमोर उठावे लागेल.

रामबागकर | बुधवार, दुपारी १२.१५

वार वेगळा हवा हे मान्य आहे. लष्करकरताईंचा मुद्दाही मला रात्रभर टोचत राहिला. मी "देवळात जाऊन येते" हे सोयीचे कारण म्हणून सांगितले, पण माझ्यासाठी जो आडोसा होता तोच दुसरीसाठी चव्हाटा असू शकतो, हे ध्यानात आले नव्हते.

पहिली_पाळी | पुढील सोमवार, रात्री ९.००

सर्वांचे मनापासून आभार. झालेली हकीकत सांगतो.

उंबरठाताईंच्या सांगण्यावरून मी त्या न बोलणाऱ्या सद्गृहस्थांना एकट्याला भेटलो. आम्ही छावणीच्या बाजूला चहाला बसलो होतो. ते मुसलमान आहेत, हे मला माहीत होते, आणि मी गृहीत धरले होते की त्यांना देवळाची अडचण असेल. ते म्हणाले की देवळाची अडचण मुळीच नाही, लहानपणी शेजारच्या गणपतीत त्यांनी आरतीचे ताट धरले आहे. अडचण खुर्च्यांची आहे. त्यांचा गुडघा खराब आहे, सतरंजीवर बसता येत नाही, आणि आपल्या एकट्यासाठी खुर्ची मागणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. एक वर्षभर आम्ही बागेत बाकावर बसत होतो म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही. दोन दिवस मी त्यांच्या मौनाचा केवढा तरी अर्थ लावत बसलो होतो, आणि त्यांना विचारायला पाच मिनिटे लागली.

विरोध करणाऱ्या दोघांपैकी एकीचे कारण लष्करकरताईंनी लिहिले तेच होते. दुसरे मास्तर होते, ज्यांच्यामुळे हे सगळे सुरू झाले. त्यांना भीती होती की छत मिळाले की गटाला अध्यक्ष मिळेल, मग वार्षिक कार्यक्रम, मग सत्कार. मी त्यांना एक_दिवस यांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला सांगितले.

विश्वस्तांशी बोलणे झाले. भाडे घ्यायला ते आधी तयार नव्हते, एक जण थोडे दुखावलेही. मी त्यांना कारण समजावून सांगितले. शेवटी प्रत्येक बैठकीचे दीडशे रुपये ठरले आणि त्याची पावती मिळेल. मुख्य सभागृहाऐवजी आम्ही मागची खोली मागितली, जिथे सप्ताहाची भांडी असतात. तिला गल्लीतून वेगळे दार आहे. बैठक गुरुवारऐवजी मंगळवारी सहा वाजता. बारा खुर्च्या मिळाल्या आहेत आणि सगळेच खुर्चीवर बसणार आहेत. फलक लावायचा नाही.

डॉक्टरसाहेब, आमच्या दोन नियमांत तुमच्या सांगण्यावरून तिसरा घातला आहे: कोणी जिवाविषयी बोलले तर ते बैठकीत ठेवायचे नाही, त्याच दिवशी त्या व्यक्तीबरोबर घरी किंवा दवाखान्यात जायचे. १४४१६ हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला आहे.

मी स्वतः गुरुवारी टाळ धरायला जातच राहणार आहे. औषधाचा डोस गेल्या महिन्यात डॉक्टरांनी अर्धा केला आहे.

उंबरठा | सोमवार, रात्री ९.३५

गल्लीतल्या दाराने एकदा येऊन बघेन म्हणते. आत येईनच असे सांगत नाही.

पहिली_पाळी | सोमवार, रात्री ९.४१

बाहेर कट्टा आहे. तेथे बसलात तरी चालेल. चहा तेथे आणून देऊ.

नवी_वाचक | सोमवार, रात्री १०.२०

औषध सुरू होऊन पाच दिवस झाले. मळमळते आहे, डॉक्टर म्हणाले की आठवडाभरात कमी होईल. रामबागकरताई दोन्ही वेळा बरोबर आल्या. दिवसभराचे अजून काही बदललेले नाही. मंगळवारी त्यांच्याबरोबर येऊ का? पहिलाच महिना आहे.

पहिली_पाळी | सोमवार, रात्री १०.२४

अवश्य या. दार पावसाने फुगले आहे, जरा जोराने ढकलावे लागते.